वाळवंटातला प्लेग : बिळं, पिसवा आणि एक उंबरठा



प्लेग म्हटलं की आपल्याला १८९६-९७ ची मुंबई आणि पुणं आठवतं. इतिहासाच्या पुस्तकात रँड येतो, चाफेकर बंधू येतात, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेलेल्या सावित्रीबाई येतात. जुन्या माणसांच्या तोंडी 'घरात उंदीर पडला' हे शब्द असायचे. उंदीर पडला, म्हणजे मरून पडला, की गाव सोडायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं, एवढं शहाणपण लोकांनी अनुभवातून मिळवलेलं होतं.

हे सगळं आपण वाचतो, पण एक साधा प्रश्न सहसा विचारत नाही. साथ ओसरली की प्लेग जातो कुठं? दहा-वीस वर्षं एकही माणूस आजारी नाही, घरातले उंदीर धडधाकट, आणि मग अचानक पुन्हा कुठंतरी गाठी येतात. मधल्या काळात हा जंतू राहतो कुणाकडे?

घरातल्या उंदराकडे नक्कीच नाही. घरचा उंदीर प्लेगनं पटापट मरतो. ज्या घरात शिरायचं तेच घर पाडायचं, अशा रीतीनं कोणताही जंतू फार काळ टिकू शकत नाही. माणसाचंही तेच. उपचार मिळाले नाहीत तर गाठीच्या प्लेगमध्ये शंभरातली ३० ते ६० माणसं दगावतात. म्हणजे माणूस आणि घरचा उंदीर हे प्लेगचे पाहुणे. त्याचं खरं घर रानात आहे, जमिनीखाली बिळं करून राहणाऱ्या, कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये. विज्ञानाच्या भाषेत अशा प्राण्यांना रोगाचा 'नैसर्गिक साठा' म्हणतात. जगात अशी घरं बरीच आहेत, पण सगळ्यात बारकाईनं अभ्यासलेल्यांपैकी एक मध्य आशियात, कझाकस्तानच्या वाळवंटात आहे. आजचा पाठ तिथला.

बाल्खाशच्या दक्षिणेला

नकाशा उघडा. कझाकस्तानच्या आग्नेय भागात बाल्खाश नावाचं लांबट, वाकडं सरोवर दिसेल. (गंमत म्हणजे याचं पश्चिमेकडचं पाणी गोडं आणि पूर्वेकडचं खारट आहे. भूगोलाच्या तासाला हे सांगून बघा.) चीनकडून येणारी इली नदी या सरोवराला मिळते. नदीच्या आसपासचा, सरोवराच्या दक्षिणेचा सगळा प्रदेश वाळूचा आणि खुरट्या झुडपांचा आहे. हे राजस्थानसारखं वाळवंट नाही. इथं हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांच्याही खाली घसरतो आणि उन्हाळ्यात चाळिशीकडे जातो. सॅक्साऊल नावाचं वेडंवाकडं, पानं जवळजवळ नसलेलं झाड इथं उगवतं. मेंढ्या, घोडे आणि उंट चारणारी माणसं इथं पूर्वीपासून राहतात.

या भागाचं उपग्रहचित्र जवळ आणून पाहिलं, तर जमिनीवर देवीच्या व्रणांसारखे फिकट गोल ठिपके दिसतात, मोजता येणार नाहीत इतके. एकेक ठिपका साधारण १० ते ४० मीटर रुंद. ही बिळं आहेत. अवकाशातून दिसणारी उंदरांची घरं! वर्गात हे चित्र दाखवलं की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एवढे मोठे उंदीर असतात का?"

नसतात. हा प्राणी आहे मोठा जर्बिल. नावात 'मोठा' असला तरी लांबी वीतभर, आणि जवळपास तेवढीच केसाळ शेपटी. रंग वाळूचा. एक नर, एक किंवा अधिक माद्या आणि त्यांची पिल्लं असं कुटुंब एका बिळात राहतं. बीळ म्हणजे एक भोक नव्हे. जमिनीखाली बोगदे, धान्याच्या कोठ्या असाव्यात तशा चाऱ्याच्या खोल्या, पिल्लांच्या खोल्या आणि बाहेर यायला पुष्कळ दारं. दाराभोवतीची झाडोरी खाऊन संपते, माती वर येते, म्हणून वरून तो फिकट गोल दिसतो. हा प्राणी दिवसा हिंडतो, धोका दिसला की शिट्टी घालतो, पाय आपटतो, आणि क्षणात सगळं कुटुंब आत. थंडीत तो दीर्घ झोप घेत नाही, साठवलेल्या चाऱ्यावर हिवाळा काढतो.

इथं एक गोष्ट मनात पक्की ठेवा, पुढं लागणार आहे. जर्बिल मरतात, पण बीळ राहतं. एकच बीळ पिढ्यान् पिढ्या वापरलं जातं. चांगल्या वर्षी बहुतेक बिळांत कुटुंबं नांदतात. वाईट वर्षी बरीच बिळं ओस पडतात, ओस गावातल्या वाड्यांसारखी, आणि दिवस फिरले की पुन्हा भरतात. घरांची संख्या जवळपास तीच, भरलेली किती आणि रिकामी किती एवढंच बदलतं.

आणखी एक. घरच्या उंदराच्या मानानं मोठा जर्बिल प्लेगला बराच दाद देत नाही. काही मरतात, पण पुष्कळ जर्बिल संसर्ग होऊनही बरे होतात. म्हणून तर हे जंतूचं टिकाऊ घर.

पिसूच्या गळ्यातला बोळा

प्लेगचा जंतू, यर्सिनिया पेस्टिस, १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर यर्सिन यांनी शोधला. पण तो उंदराकडून माणसाकडे जातो कसा, हे कोडं सुटलं कराचीत. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी एका भांड्यात पिसवा असलेला प्लेगचा आजारी उंदीर ठेवला आणि त्याच भांड्यात जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्श शक्य नव्हता, पिसू मात्र उडी मारू शकत होती. निरोगी उंदीर प्लेगनं मेला. त्या काळी कराची मुंबई इलाख्यातच होती, म्हणजे हा शोध एका अर्थी आपल्याच साथीच्या अंगणात लागला. त्यावर अनेकांनी कित्येक वर्षं विश्वास ठेवला नाही, ही वेगळी गोष्ट.

पिसू नेमकं काय करते? आजारी प्राण्याचं रक्त पिताना जंतू तिच्या पोटात जातात. तिथं ते वाढतात, एकमेकांना चिकटतात आणि जठराच्या तोंडाशी बोळा बसवतात. आता पिसू रक्त ओढते, पण ते आत उतरत नाही. भुकेनं कासावीस झालेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर वेळी अडकलेलं रक्त जंतूंसकट उलट जखमेत सोडते. प्लेग पसरतो तो असा, उपाशी पिसवांमुळे. कडक उन्हाळ्यात मात्र हा बोळा नीट बसत नाही. मुंबईत प्लेग हिवाळ्याच्या शेवटी चढायचा आणि मे-जूनपर्यंत उतरायचा, त्याचं एक कारण यात आहे.

वाळवंटात पिसवांना बीळ म्हणजे वातानुकूलित खोली. बाहेर रखरख असली तरी आत ओलावा टिकतो, ऊबही. पिसूची अंडी, अळ्या सगळं बिळातल्या कचऱ्यात वाढतं. आणि एका बिळातून दुसऱ्या बिळात पिसवा नेतो जर्बिलच. वयात आलेली पिल्लं नवं घर शोधायला निघतात, मोठेही शेजारच्या बिळात डोकावतात. चांगला शेजार म्हणजे पिसवांची देवाणघेवाण!

शंभर चौकटींचा कागद

आता या पाठाचा गाभा. पुढचं नुसतं वाचू नका, वही घ्या.

चौकटींच्या वहीत १० बाय १० चा चौरस आखा. १०० चौकटी झाल्या. प्रत्येक चौकट म्हणजे एक बीळ. १ ते १०० आकड्यांच्या चिठ्ठ्या करा, डब्यात टाका, हलवा आणि ३० चिठ्ठ्या काढा. त्या आकड्यांच्या चौकटी पेन्सिलीनं रंगवा. ही भरलेली बिळं, बाकीची ओस. आता वरच्या ओळीतल्या रंगवलेल्या चौकटींत प्लेग शिरला असं समजा. तो फक्त शेजारच्या रंगवलेल्या चौकटीत जाऊ शकतो, म्हणजे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. कोपऱ्याला कोपरा लागलेला चालणार नाही. खालच्या ओळीपर्यंत पोचला का?

जवळजवळ नक्कीच नाही. दोन-चार चौकटी जाऊन तो कोंडला जाईल. आता आणखी २० चिठ्ठ्या काढा. ५० झाल्या. बेटं मोठी झाली, तरी बहुतेक वेळा वाट तुटतेच. आणखी १०, आणखी १०. ७० ला पोचलात की वरून खालपर्यंत वाट जवळपास दर वेळी सापडते. हा बदल हळूहळू होत नाही. कागद फार मोठा घेतला, तर ५९ टक्क्यांपर्यंत वाट नाही आणि ६० च्या पुढं वाट आहे, इतकी ती रेघ ठळक होते. गणितानं काढलेला आकडा ५९.३ टक्के. तुमच्या छोट्या कागदावर ती थोडी पुढंमागं सरकेल, त्यानं गोंधळू नका. वर्गात चाळीस मुलांनी चाळीस कागद केले आणि फळ्यावर एकत्र मांडले, तर रेघ दिसायला लागते.

यालाच म्हणायचं उंबरठा. जमिनीत पाणी पाझरतं तेव्हा मातीतली पोकळी एकमेकींना जोडलेली असावी लागते, तोच हा हिशेब. म्हणून याला पाझरण्याचं गणित म्हणतात. २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की कझाकस्तानातल्या जर्बिलांमधला प्लेग याच गणितानं समजतो. वर्गातल्या गोवरासारखी गोष्ट इथं नाही. वर्गात सगळी मुलं सगळ्यांत मिसळतात. जर्बिल मात्र आपल्या बिळाला बांधलेला आणि त्याची ओळख आसपासच्या चार घरांपुरती. त्यामुळे "एकूण जर्बिल किती" यापेक्षा "भरलेली बिळं एकमेकांना जोडून आहेत का" हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

थोडं पुढं जा. आता कोपऱ्याला कोपरा लागलेली चौकटही शेजारी धरा. म्हणजे जर्बिल जरा लांबपर्यंत हिंडतात असं समजा. उंबरठा ५९ वरून सुमारे ४१ टक्क्यांवर येतो. म्हणजे प्राणी तेवढेच राहिले, पण फिरणं वाढलं, तरी साथ येऊ शकते. खऱ्या वाळवंटाचा आकडा आपल्या कागदावरच्या आकड्यासारखा नसतो, हे लक्षात ठेवा. तिथं शेजारही वेगळा, पिसवाही कमीजास्त. पण उंबरठा असतो, हे खरं.

दोन वर्षांचा अवधी

हे कळलं कसं? इथं मला त्या निनावी माणसांचं मनापासून कौतुक वाटतं, ज्यांनी हे काम केलं. सोव्हिएत काळात अल्माटी इथली प्लेगविरोधी संस्था आणि तिची वाळवंटातली ठाणी यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटापासून कित्येक दशकं एक कंटाळवाणं काम नेटानं केलं. प्रदेशाचे साधारण १० किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले. वसंतात आणि शरदात तिथं जायचं, बिळं मोजायची, किती भरली आणि किती ओस ते लिहायचं, जर्बिल पकडायचे, त्यांच्या अंगावरच्या पिसवा विंचरून काढायच्या, दोन्हींची जंतूसाठी तपासणी करायची. वर्षामागून वर्षं. उकाड्यात, धुळीत, आणि स्वतःला प्लेग होण्याचा धोका पत्करून.

त्या नोंदींतून २००४ साली मोठी गोष्ट हाती लागली. भरलेल्या बिळांचं प्रमाण उंबरठ्याच्या वर गेलं की प्लेग लगेच दिसत नाही. तो साधारण दोन वर्षांनी दिसतो. खाली आलं तरी लगेच जात नाही, रेंगाळतो. पिसवा वाढायला वेळ लागतो, जंतूला बिळामागून बीळ पार करायला वेळ लागतो.

याचा अर्थ बघा. आज बिळं मोजली, तर दोन वर्षांनंतर कोणत्या भागात धोका आहे हे आज सांगता येतं. पाऊस उद्या पडेल का हे सांगताना आपण अडखळतो, आणि इथं दोन वर्षं आधी इशारा! तेवढ्या वेळात धनगरवस्त्यांभोवतीच्या बिळांत पिसूनाशक पूड मारता येते, दवाखान्यात औषधं पोचवता येतात, लोकांना सावध करता येतं. लवकर ओळखला तर प्लेग प्रतिजैविकांनी बरा होतो. ओळखायला उशीर झाला की जीव जातो. मुक्कामापासून दवाखाना शंभर किलोमीटरवर असेल, तर हा उशीर सहज होतो.

हवामानाचाही यात हात आहे. पिसवा साधारण १० अंशांच्या वर पारा गेला की हालचाल करू लागतात. वसंत लवकर आणि उबदार आला तर त्यांना जास्त दिवस मिळतात. उन्हाळा ओलसर गेला तर चाराही वाढतो, पिसवाही जगतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच नोंदींवरून हिशेब मांडला होता : वसंतातलं तापमान १ अंशानं वाढलं तर जर्बिलांमधला प्लेग ५० टक्क्यांहून जास्त वाढू शकतो. एक अंश! आपण पंख्याचा वेग बदलायलाही एवढा फरक पुरेसा मानत नाही.

मग जर्बिलच मारून का टाकत नाहीत?

हा प्रश्न येतोच, आणि तो मूर्खपणाचा नाही. सोव्हिएत काळात ते करूनही पाहिलं. विषारी धान्य टाकून विस्तीर्ण भागांतले कुरतडणारे प्राणी मारण्याच्या मोहिमा झाल्या. काही वर्षं शांतता दिसायची आणि मग आजूबाजूचे प्राणी रिकाम्या बिळांत येऊन राहायचे. आठवतं ना, बीळ मरत नाही. शिवाय जर्बिल गेले की त्यांच्यावर जगणारे कोल्हे, घुबडं, गरुड, साप यांचं काय? विष त्यांच्याही पोटात जातं. जर्बिलानं उकरलेल्या मातीत पाणी मुरतं, त्याच्या बिळात इतर कितीतरी जीव आसरा घेतात. तो त्या वाळवंटाचा नांगऱ्या आहे.

आता कागदाकडे परत या. साथ थांबवायला सगळ्या चौकटी पुसाव्या लागतात का? नाही. वाट तुटेल एवढं पुरतं. म्हणून पुढच्या काळात भर राहिला तो माणसांच्या वस्तीभोवती आणि पिसवांवर. माझ्या मते हीच दिशा बरोबर आहे. पण ती टिकवायला मोजदाद चालू राहावी लागते, आणि खरी अडचण तिथंच आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विस्कटला, पैसा आटला, ठाण्यांचं काम रोडावलं. ज्या वर्षी कुणी आजारी पडत नाही, त्या वर्षी बिळं मोजायला पैसे कशाला, असं कुठल्याही सरकारला वाटू शकतं. आता उपग्रहचित्रांवरून बिळं शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्यातून बीळ कुठं आहे ते दिसतं. पण त्या बिळातली पिसू जंतू बाळगते का, हे सांगायला आजही कुणालातरी तिथं जाऊन जर्बिल पकडावा लागतो.

माणसांपर्यंत हा रोग पिसू चावून येतो तसा उंटावरूनही येतो. उंटाला प्लेग होतो. आजारी उंट मरण्याआधी कापून मांस वाटून घ्यायचं, हे गरिबाच्या हिशेबानं समजण्यासारखं आहे, कारण उंट म्हणजे कुटुंबाची मोठी ठेव. पण कापणाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून किंवा कच्च्या मांसातून जंतू आत जातो. मध्य आशियात आणि अरब देशांत अशा घटना घडल्या आहेत.

आणि आपल्याकडे?

भारतात १९६६ नंतर माणसांत प्लेगची नोंद नव्हती. मग १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचे रुग्ण सापडले आणि पाठोपाठ सुरतेत घबराट माजली. त्याच्या आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. घरं सोडून लोक बाहेर राहायला गेले, धान्य आत राहिलं, उंदीर माजले आणि रानातल्या प्राण्यांकडचा प्लेग घरच्या उंदरांपर्यंत आला, असं स्पष्टीकरण तेव्हा मांडलं गेलं. आपल्याकडेही जर्बिल आहे, शेताच्या बांधावर बिळं करणारा, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असलेला. दक्षिण भारतात, कोलारच्या परिसरात, तो प्लेगचा रानातला साठा म्हणून ओळखला गेला आहे.

शास्त्रज्ञांत एका मुद्द्यावर अजून वाद आहे. भरलेली बिळं उंबरठ्याच्या खाली असतात, एकाही जर्बिलात जंतू सापडत नाही, अशा वर्षी प्लेग नेमका असतो कुठं? कुणी म्हणतं थोड्याशा जर्बिलांत, जे जाळ्यात आलेच नाहीत. कुणी म्हणतं बिळातल्या दीर्घायुषी पिसवांत. कुणी म्हणतं थेट मातीत.

करून पाहा

१) १०० चौकटींत ६५ रंगवा. वरून खाली वाट असेल तर कमीत कमी किती चौकटी पुसून ती तुटते ते शोधा. त्या कुठल्या जागी आहेत?

२) एका बाजूच्या दोन ओळी वस्ती समजा. तेवढ्याच ओळींभोवती चौकटी पुसल्या तर वस्ती वाचते का? पुढच्या वर्षी त्या चौकटी पुन्हा भरल्या तर?

३) वरच्या वादातल्या तिघांपैकी कोण बरोबर, हे ठरवायला तुम्ही वाळवंटात जाऊन काय तपासाल? पाच-सहा ओळींत लिहून आणा.